एका धावेचा ताळा

चहापानाला दोन आकडे समोरासमोर आले. एकाच्या स्कोअरबुकात १६४ वर ६, दुसऱ्याच्या मोबाइलवर १६५ वर ६. मुंबईच्या आझाद मैदानावरचा एक क्लबचा सामना. तंबूच्या कडेला डुगडुगणारं लाकडी टेबल, त्यावर आडवं उघडलेलं लांबट स्कोअरबुक, वाऱ्यानं पान उलटू नये म्हणून दोन्ही बाजूंना रबरबँड, एचबी पेन्सिल, खोडरबर आणि कटिंगचा रिकामा ग्लास. स्कोअरबुकामागे साठी ओलांडलेले एक गृहस्थ; सगळे त्यांना काकाच म्हणत होते. शेजारी दुसऱ्या संघाचा विशीतला मुलगा, पॉवर बँकेला जोडलेला मोबाइल घेऊन. अंपायर तंबूकडे येता येता थांबले आणि नेहमीसारखं विचारलं, "टोटल काय?" दोघांनी एकाच वेळी दोन वेगळे आकडे सांगितले. फरक एका धावेचा. ती धाव ज्याच्या नावावर होती तो सोळा-सतरा वर्षांचा पोरगा अडतिसाव्या षटकात बाद होऊन आला होता आणि पॅड सोडून बाकावर बसला होता. मोबाइलवर तो ५० वर बाद होता. स्कोअरबुकात ४९ वर.

सगळा तंबू हातातल्या फोनवर लाइव्ह स्कोअर बघत होता, त्यामुळे त्याच्या पन्नाशीला टाळ्या पडून गेल्या होत्या. त्यानं बॅटही वर केली होती. काका त्याच्याच संघाचे स्कोअरर. "राहू द्या ना काका," मागून कोणीतरी म्हणालं, "पोराची पहिली फिफ्टी आहे. एका रननं कोणाचं काय जातंय?" म्हणणाऱ्याच्या आवाजात खोटेपणा अजिबात नव्हता, फक्त माया होती. म्हणूनच ते वाक्य डोक्यातून जात नाही.

एका धावेनं कोणाचं काय जातं?

हाती स्कोअर लिहिणं म्हणजे काय, हे ज्यांनी त्या टेबलामागे दिवस काढलेत त्यांना सांगायला नको. पण आता मैदानात येणाऱ्या मुलांपैकी अनेकांनी स्कोअरबुकाचं पान नीट पाहिलेलंही नसतं. पानाच्या वरच्या भागात फलंदाज: अकरा ओळी, प्रत्येक ओळीत नाव, आत आल्याची वेळ, मग धावा मांडायची लांब पट्टी, शेवटी बाद कसा, गोलंदाज कोण, एकूण किती. खाली गोलंदाज: प्रत्येकाच्या नावापुढे चौकोनांची रांग, एका षटकाला एक चौकोन. मधे किंवा बाजूला अवांतरांच्या चार ओळी: बाय, लेगबाय, वाइड, नोबॉल. आणि एका कोपऱ्यात टॅलीचा तक्ता, एकपासून ओळीनं छापलेले आकडे. धाव निघाली की आकड्यावर तिरकी रेघ, चौकार गेला की चार आकड्यांवरून एकच लांब रेघ. त्याखाली गडी बाद क्रम. इतकंच. दोन वितींच्या पानावर अख्खा डाव मावतो.

एका चेंडूला लिहायच्या गोष्टी तीन, आणि त्यांचा क्रम कधी बदलायचा नाही. आधी गोलंदाजाचा चौकोन, मग फलंदाजाची पट्टी, मग टॅली. हा क्रम हाताला बसलेला असला की मधेच कोणी "काका, किती झाले?" म्हणून विचारलं तरी हात अडखळत नाही; क्रम मोडला की तिन्हींतलं एक राहून जातं, आणि कुठलं राहिलं ते तासाभरानं कळतं. पण या तिन्हींच्या आधी एक काम असतं, ते म्हणजे वर बघणं. चेंडू मृत होईपर्यंत, म्हणजे त्या चेंडूवरचा खेळ थांबेपर्यंत, पेन्सिल कागदाला लावायची नाही. अंपायरनं खूण केली की हात वर करून पोच द्यायची, आणि ती पोच मिळेपर्यंत अंपायरनं पुढचा चेंडू टाकू द्यायचा नाही. हे क्रिकेटच्या नियमांतच आहे. स्कोअररांसाठी तिसरा नियम अख्खा राखून ठेवलेला आहे. स्कोअरर दोन असावेत, त्यांनी आपल्या नोंदी वारंवार एकमेकांशी ताडून पाहाव्यात, निदान प्रत्येक मध्यंतराला अंपायरांशी आकडे जुळवावेत, आणि प्रत्येक खुणेची वेगळी पोच द्यावी. पूर्वी दोघे स्कोअरर एकमेकांना मोठ्यानं सांगत असत. एक म्हणायचा, "दोन, पाच नंबरला, टोटल अठ्ठ्याण्णव," दुसरा म्हणायचा, "चेक." दिवसभर ही जुगलबंदी चालायची. तंबूत झोपलेल्या बाराव्या गड्यालाही तिच्यामुळे स्कोअर पाठ असायचा.

खुणांची लिपी सुंदर आहे. धाव नाही, तर ठिपका. वाइड म्हणजे अधिकचं चिन्ह. वाइडवर पळून आणखी धावा काढल्या तर त्या फुलीच्या कोपऱ्यांत तेवढे ठिपके. नोबॉल म्हणजे गोल, त्यावर बॅटनं चौकार मारला तर गोलात ४. बाय म्हणजे टोक वर असलेला त्रिकोण, लेगबाय म्हणजे तोच त्रिकोण उलटा. षटक निर्धाव गेलं की चौकोनात तीन-तीन ठिपक्यांच्या दोन उभ्या ओळी उभ्या राहतात. मग डावीकडच्या तिन्हींतून रेघ वर न्यायची, मधे खाली उतरवून पुन्हा वर चढवायची आणि उजवीकडच्या तिन्हींतून खाली आणायची. इंग्रजी एम तयार होतो. त्याच षटकात गोलंदाजाला गडी मिळाला असेल तर रेघ उलटी फिरवून डब्ल्यू काढायचा. चांगल्या फिरकी गोलंदाजाच्या नावापुढे ओळीनं चार-पाच एम लागलेले दिसले, की त्या दुपारी फलंदाजांची काय अवस्था झाली असेल ते डोळ्यांसमोर उभं राहतं. पुढच्या चौकोनात अचानक दोन षटकार दिसले की हेही कळतं, की कोणाचा तरी धीर सुटला आणि त्याला त्याचं फळ मिळालं.

चुका होतात त्या बहुतेक अवांतरांत. वाइडचा चेंडू फलंदाजाच्या खात्यात धरायचा नाही, कारण तो त्याला खेळता येण्याजोगा नव्हताच. नोबॉल मात्र त्यानं खेळलेला चेंडू धरायचा. षटकाच्या सहांत दोन्ही मोजायचे नाहीत. वाइडवर जितक्या धावा निघतील तितक्या सगळ्या वाइडच, आणि सगळ्या गोलंदाजाच्या माथी. नोबॉलवर बॅटला न लागता पळून काढलेल्या धावा पूर्वी नोबॉलमध्येच जायच्या. ऑक्टोबर २०१७ पासून नोबॉलची एकच, बाकीच्या बाय किंवा लेगबाय. जुन्या हातांना ही सवय मोडायला वेळ लागला. यष्टिरक्षकाच्या मागे ठेवलेल्या हेल्मेटला चेंडू लागला तर पाच धावा दंडाच्या. त्या ना फलंदाजाच्या, ना गोलंदाजाच्या. अंपायरनं चुकून सात चेंडू टाकू दिले तर षटक अंपायरनं मोजलं तेच खरं, चौकोनात सात नोंदी करायच्या आणि पुढे जायचं. धावबादात पूर्ण झालेल्या धावा द्यायच्या, अर्धवट राहिलेली नाही. यातलं एकेक सोपं आहे. अवघड असतं ते चारच्या उन्हात, समोरून दुसऱ्या सामन्याचा क्षेत्ररक्षक धावत जात असताना, दोन्ही फलंदाज सारख्याच उंचीचे, दोघांची हेल्मेटं निळी आणि पाठीवर नाव-नंबर काही नाही, अशा वेळी. म्हणून अनुभवी स्कोअरर फलंदाज आत येतानाच त्याची खूण टिपतो: डावखुरा, पांढरे ग्लोव्हज, उजव्या पॅडचा पट्टा लोंबतोय.

या सगळ्याचा प्राण म्हणजे ताळा. आपल्याकडे पेढीवर रोजकीर्द असायची आणि खतावणी असायची. व्यवहार झाला तसा रोजकीर्दीत, मग ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणीत, आणि संध्याकाळी दोन्हीची बेरीज जुळली की दिवा मालवायचा. स्कोअरबुक ही खतावणी आहे. एकच धाव तीन खात्यांवर तीनदा, हातानं, वेगवेगळी लिहिली जाते, आणि म्हणून तीन बाजूंनी तपासता येते. फलंदाजांच्या धावा अधिक सगळी अवांतरं, बरोबर एकूण. गोलंदाजांनी दिलेल्या धावा अधिक बाय, लेगबाय आणि दंडाच्या, बरोबर तेच एकूण. टॅलीवरचा शेवटचा खोडलेला आकडा, तोही तोच. शिवाय चेंडूंचा ताळा: सगळ्या फलंदाजांनी खेळलेले चेंडू म्हणजे षटकं गुणिले सहा, अधिक नोबॉल. हे चारही जुळले नाहीत तर कुठेतरी हात चुकलाय, आणि बहुधा कुठल्या खात्यात ते फरकच सांगतो. फलंदाज आणि टॅली जुळतायत, गोलंदाज चार कमी? म्हणजे कुणाच्या तरी चौकोनात चौकाराऐवजी ठिपका पडलाय.

मोबाइलवरचा ताळा कधी चुकत नाही.

त्यातच त्याची अडचण आहे, असं मला मनापासून वाटतं. बोटानं एकदाच दाबलेला आकडा तिन्ही खात्यांत आपोआप जातो. बरोबर असला तर तिन्हीकडे बरोबर, चुकला तर तिन्हीकडे तोच चुकलेला. बेरीज प्रत्येक वेळी तंतोतंत. चूक उघडी पडायला दोन नोंदींत विसंगती लागते, आणि इथे नोंद मुळात एकच आहे. वहीत विसंगती दिसते कारण माणूस एकच गोष्ट तीनदा लिहिताना तीनही वेळा एकसारखा चुकत नाही. म्हणून मोबाइलवर स्कोअर ठेवायला ना नाही. त्याच्या शेजारी एक वही चालू असावी आणि दोघांनी षटकागणिक बोलावं, एवढंच मागणं आहे. दोन मोबाइल असले तरी चालतील, पण दोन वेगळी माणसं, दोन वेगळ्या नोंदी हव्यात. हल्ली बहुतेक मैदानी सामन्यांत दुसऱ्या संघाचा स्कोअरर येतच नाही. "ॲपवर आहे ना, तिथनं बघून घेऊ," म्हणतात. जाते आहे ती ही दुसरी वही.

ताळा जुळला म्हणजे सगळं खरं, असंही नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. एका फलंदाजाची धाव दुसऱ्याच्या पट्टीत गेली तर एकही बेरीज बिघडत नाही. मैदानी क्रिकेटमधली ही सर्वांत जास्त होणारी आणि सर्वांत कमी सापडणारी चूक. तिला पकडायचं तर रोजकीर्द लागते, म्हणजे घडलं त्या क्रमानं ठेवलेली नोंद. त्यासाठी रेषीय पद्धत आहे: प्रत्येक षटकाला एक आडवी ओळ, डावीकडे घड्याळातली वेळ, मग दोन टोकांचे दोन गोलंदाज, मग खेळपट्टीवरचे दोन फलंदाज, दोघांनी खेळलेले चेंडू, शेवटी एकूण आणि शेरा. प्रत्येक चेंडू कोणी टाकला, कोणी खेळला, नंतर कोण कोणत्या टोकाला गेला, सगळं दिसतं. एक धाव निघाली आणि पुढचा चेंडू त्याच फलंदाजाच्या रकान्यात पडला, तर तिथेच लिहिणारा थबकतो. बिल फर्ग्युसन हा ऑस्ट्रेलियन स्कोअरर १९०५ सालापासून दौरे करणाऱ्या संघांबरोबर जगभर फिरला; फटके कुठे गेले ते दाखवणारी चक्राकार आकृती त्यानं रूढ केली. पुढे बिल फ्रिंडॉलनं १९६६ पासून बीबीसीच्या रेडिओ समालोचनासाठी अशीच रेषीय पानं लिहिली, मोत्यासारख्या अक्षरात. आपल्याकडे आकाशवाणीच्या समालोचकांना मुंबईचे आनंदजी डोसा आकडे पुरवायचे. कानाला ट्रान्झिस्टर लावून ऐकणाऱ्याला समालोचकाचा आवाज तेवढा माहीत असायचा. त्या आवाजाला नेमका आकडा पुरवणारा हात शेजारी बसलेला असायचा.

आता त्या एका धावेकडे. जून १८९९ मध्ये इंग्लंडात क्लिफ्टन कॉलेजच्या मैदानावर तेरा वर्षांच्या ए. ई. जे. कॉलिन्सनं शाळेतल्याच दोन गटांच्या (हाउस) सामन्यात नाबाद ६२८ धावा केल्या. शतकाहून अधिक काळ ती क्रिकेटमधली सर्वांत मोठी वैयक्तिक खेळी होती. पण त्या सामन्याचा स्कोअरर नंतर म्हणाला असं सांगतात, की धावा ६२८, वीसेक इकडे-तिकडे. हे वाचलं की त्या मुलाबद्दल पोटात तुटतं. एवढा खेळला, आणि नेमका किती ते कुणालाच ठाऊक नाही. त्याच्या उलट आपले भाऊसाहेब निंबाळकर. डिसेंबर १९४८, पुणे, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. संघाच्या ४ बाद ८२६, निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या तेव्हाच्या विक्रमी ४५२ ला गाठायला ९ हव्या होत्या, आणि काठियावाडनं सामना तिथेच सोडून दिला. ती हळहळ पंचाहत्तर वर्षं मराठी माणसाच्या मनात का टिकली? कारण ९ हा आकडा पक्का आहे. "साडेचारशेच्या आसपास" असतं तर हळहळ कशाची करायची? ब्रॅडमनच्या कसोटी धावा ६९९६, बाद ७० वेळा, सरासरी ९९.९४. आणखी चार असत्या तर बरोबर शंभर. त्या चार धावांपायी अभ्यासकांनी जुन्या कसोटींची स्कोअरबुकं चेंडूगणिक तपासली आहेत. आणि कल्याणला जानेवारी २०१६ मध्ये प्रणव धनावडेनं कॉलिन्सला मागे टाकलं: ३२३ चेंडूंत नाबाद १००९, त्यात १२९ चौकार आणि ५९ षटकार. म्हणजे एकाच फलंदाजापुढे नुसत्या चौकार-षटकारांच्या १८८ नोंदी! साध्या स्कोअरबुकातली एकाची पट्टी त्याच्या निम्म्यातही भरून जाते. संघाच्या ३ बाद १४६५. टॅलीचा छापील तक्ता बहुतेक वह्यांत काही शेकड्यांवर संपतो. असा डाव वहीत लिहायचा तर न खेळलेल्या सहा फलंदाजांच्या रिकाम्या ओळी वापरायच्या, बाण काढून पट्टी पुढे न्यायची, आणि प्रत्येक षटकाला एकूण जुळवत राहायचं. नाहीतर वीसेक इकडे-तिकडे व्हायला वेळ लागत नाही.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्येही प्रेक्षक मांडीवर कार्ड ठेवून पेन्सिलीनं स्कोअर लिहायचे. तीही परंपरा आता विरत चालली आहे, आणि तिचं मूळ क्रिकेटपाशी आहे. हेन्री चॅडविक हा इंग्लंडात जन्मलेला पत्रकार न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांसाठी क्रिकेटच्या बातम्या लिहायचा. १८५६ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या होबोकेनच्या मैदानात त्याला बेसबॉल भावला, आणि क्रिकेटच्या धावफलकाच्या वळणावर त्यानं बेसबॉलचा तक्ता रुळवला. बेसबॉलच्या कार्डात प्रत्येक फलंदाजाला एक चौकोन, त्यात चार तळांचा (बेसचा) छोटा हिरा, आणि खेळाडू जितक्या तळांपर्यंत पोचला तितक्या बाजू गडद करायच्या. क्षेत्ररक्षकांना एक ते नऊ क्रमांक, त्यामुळे ६-४-३ लिहिलं की चेंडू कोणाच्या हातातून कोणाकडे गेला ते समजतं. फलंदाज बॅट फिरवून चुकला आणि बाद झाला तर के, नुसता बघत राहिला तर आरशातला उलटा के. आणि ताळा तिथेही आहे: फलंदाज एकूण जितक्या वेळा फलंदाजीला आले ती संख्या म्हणजे धावा, तळांवर अडकून राहिलेले आणि बाद झालेले, यांची बेरीज. खेळ वेगळा, पण लिहिणाऱ्याचा जीव तिथेही ताळ्यातच.

कागदाचे हाल कमी नाहीत. कांगा लीग १९४८ पासून मुंबईच्या पावसात खेळली जाते आणि पावसात शाई पसरते, म्हणून तिथे पेन्सिल. तीही मऊ चालत नाही, ओल्या कागदावर ती फासली जाते आणि फार टोकदार असली तर पान फाटतं. तळहाताखाली टिपकागद किंवा निदान जुन्या वर्तमानपत्राची घडी ठेवावी लागते, नाहीतर घामानं आणि दमट हवेनं खालच्या ओळी पुसट होतात. आणि एवढं जपून लिहिलेली वही हंगाम संपला की क्लबच्या कपाटात जाते. तिथे वाळवी असते, गळकं छप्पर असतं, आणि कधीतरी आवरासावर करताना रद्दीवाला असतो. वर्तमानपत्रांतून "झे. गो." (झेल, गोलंदाज) आणि "अवांतर" असलेले पूर्ण धावफलकही आटले, त्यामुळे वही गेली की सामना गेला. मोबाइलनं इथे फार मोठं काम केलंय हे मान्य करावंच लागेल. ज्या पोरांच्या सामन्यांचा कधी कागदही झाला नसता त्यांच्या धावा आज सांगलीत बसलेल्या आजीला दिसतात. तो विशीतला मुलगाही दिवसभर उन्हात बसून काम करत होता, टंगळमंगळ करत नव्हता. त्याला फक्त "चेक" म्हणायला कोणी शिकवलं नव्हतं. काका प्रत्येक षटकाला टोटल मोठ्यानं म्हणत होते, आणि तो मान हलवत होता.

तर ती धाव. काकांनी आधी आपल्या पानाचा ताळा घेतला. फलंदाज १४८, अवांतर बाय ५, लेगबाय ४, वाइड ६, नोबॉल १, म्हणजे १६, एकूण १६४. गोलंदाज १५५ अधिक ९, पुन्हा १६४. चेंडू चाळीस षटकांचे २४० अधिक १. सगळं जुळलं. मोबाइलवरही सगळं जुळत होतं, फक्त १६५ ला. म्हणजे दोघांपैकी एकाला एक चेंडू वेगळा दिसला होता आणि तो बेरजेतून सापडणार नव्हता. अशा वेळी अर्धं-अर्धं करत मागे जायचं. प्रत्येक षटकाच्या शेवटचं एकूण काकांनी चौकोनाखाली लिहिलेलं होतं. तिसावं षटक: १२१ आणि १२२. विसावं: ७८ आणि ७८. पंचविसावं: ९९ आणि १००. चोविसावं: ९६ आणि ९६. पाच मिनिटांत शोध एका चौकोनावर आला. काकांच्या चौकोनात ठिपका, १, ठिपका, ठिपका, २, ठिपका. मोबाइलवर पाचवा चेंडू ३. आणि समासात, इतक्या बारीक अक्षरात की वाकून बघावं लागलं: २४.५, शॉर्ट १.

पोरानं चेंडू डीपला टोलवला, दोघं तीन पळाले, आणि त्यातली एक धाव घेताना कोणाची तरी बॅट रेषेपलीकडे टेकलीच नाही. अंपायरनं चेंडू मृत झाल्यावर कोपरात हात दुमडून बोटांची टोकं खांद्याला लावली. काकांनी हात वर केला. मुलानं तिसरी धाव पुरी होताक्षणी ३ दाबला होता आणि पुढच्या चेंडूसाठी मान खाली घातली होती. पुढे काही खटकलंही नाही, कारण फलंदाज पळाले तीनदाच. टोकं बदलली, सहावा चेंडू दुसऱ्या फलंदाजानं खेळला, मोबाइलवरही तसंच दिसलं. उलट दोनची नोंद केली असती तर स्ट्राइक हातानं बदलावी लागली असती. नियमाचं मर्म इथे आहे: कमी पडलेली धाव मोजायची नाही, पण फलंदाज ज्या टोकाला पोचले तिथेच राहतात. काकांच्या पानावर दोन धावा आणि तरी टोक बदललेलं, म्हणूनच त्यांनी समासात कारण लिहून ठेवलं होतं. सदतिसाव्या षटकापाशी, टाळ्या पडल्या तिथे, समासात आणखी एक खूण होती. बारीक प्रश्नचिन्ह. त्यांच्या हिशेबानं पोरगा तेव्हा ४९ वर होता.

अंपायर चहाचा कप घेऊन आले, दोन्ही नोंदी पाहिल्या. "हो, एक शॉर्ट होता. जिमखान्याच्या टोकाला." मुलानं मोबाइलवर मागे जाऊन चेंडू दुरुस्त करायला घेतला. काकांनी त्याला पंचविसाव्या षटकाची ओळ वाचून दाखवली, सावकाश, एकेक चेंडू, आणि प्रत्येक चेंडूनंतर थांबले. तिसऱ्या चेंडूपासून मुलगा आपण होऊन "चेक" म्हणायला लागला.

मग तो पोरगा आला. पायात चपला, पँटवर पॅडच्या पट्ट्यांचे ओलसर वळ. कोणी त्याला काय सांगितलं होतं कोण जाणे. तो भांडायला आला नव्हता. काकांनी स्कोअरबुक थोडं त्याच्याकडे फिरवलं आणि त्याच्या पट्टीवर पेन्सिलीचं मागचं टोक ठेवलं. त्यानं बोट लावून डावीकडून मोजायला सुरुवात केली, ओठांतल्या ओठांत. शेवटी पोचला, थांबला, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग समासातल्या त्या बारीक अक्षरांकडे बोट नेऊन विचारलं, "शॉर्ट कोण होता, काका? मी की तो?"

"ते लिहीत नाहीत," काका म्हणाले.

मैदानात खेळाडू परतायला लागले होते. व्हीटी स्टेशनच्या टोकाकडून नवा गोलंदाज रनअप मोजत होता. काकांनी घड्याळ पाहून वेळ टाकली, नव्या चौकोनावर पेन्सिल धरली, आणि कागदाला न टेकवता वर बघितलं.